वसाहतकाळातलं ऑस्ट्रेलियन साहित्य वाचायचंय? मग उलट्या बाजूने सुरू करा

मेलबर्नला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी ठरवलं, की ज्या देशात राहायचं तिथलं जुनं साहित्य वाचायचं. स्टेट लायब्ररीच्या घुमटाखाली बसून साहित्येतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ उघडला आणि १७८८ पासून क्रमाने निघालो. गव्हर्नरांचे अहवाल, आरमारी अधिकाऱ्यांच्या नोंदी, इंग्लंडच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या कविता. दोन महिन्यांत उत्साह संपला. वर्षभराने हेन्री लॉसनची ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ ही गोष्ट हाती आली. अर्ध्या तासात वाचून होणारी गोष्ट, पण ती संपली तेव्हा मला कळलं की रस्ता बरोबर होता, मी चुकीच्या टोकाने आत शिरलो होतो.

त्यानंतर पाचेक वर्षं मी हे साहित्य वाचतो आहे. दर वर्षी कोणीतरी ओळखीचं विचारतं, ‘कुठून सुरू करू?’ त्या सगळ्यांसाठी आणि भारतात बसून वाचू पाहणाऱ्यांसाठी हा लेख. माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे: काळाच्या उलट्या दिशेने वाचा, आणि जमेल तिथे ते जिथे पहिल्यांदा छापलं गेलं त्या पानावर वाचा.

आधी जवळ काय ठेवायचं

- ट्रोव्ह: ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं मोफत संकेतस्थळ. जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं पानासकट दिसतात. भारतातूनही उघडतं, वाचायला खातं लागत नाही. खातं काढलंत तर सापडलेल्या गोष्टींची यादी साठवता येते.
- प्रोजेक्ट गुटेनबर्ग ऑस्ट्रेलिया: पूर्ण पुस्तकांसाठी. इथे सांगितलेले बहुतेक लेखक जाऊन शंभरेक वर्षं झाली, त्यामुळे पुस्तकं हक्कमुक्त आहेत. विकत घ्यायची घाई करू नका.
- एडवर्ड मॉरिसचा ‘ऑस्ट्रल इंग्लिश’ हा १८९८ चा शब्दकोश. तोही फुकट मिळतो.
- पूर्व ऑस्ट्रेलियाचा नकाशा. सिडनी, बर्क, बॅलरॅट, होबार्ट आणि पोर्ट आर्थर एवढी ठिकाणं खूण करून ठेवा.
- एक वही. ती कशासाठी, ते दुसऱ्या पायरीत.

पैशांचा हिशेब एकदाच पाठ करा: १२ पेन्स म्हणजे एक शिलिंग, २० शिलिंग म्हणजे एक पौंड. आणि डिसेंबर म्हणजे कडक उन्हाळा, हे डोक्यात पक्कं असू द्या. नाताळाच्या प्रसंगात माणसं घामाघूम का झाली आहेत, असा प्रश्न मग पडणार नाही.

१. १८९२ पासून सुरुवात करा

पहिलं वाचन ‘द ड्रोव्हर्स वाइफ’. २३ जुलै १८९२ च्या ‘बुलेटिन’ या सिडनीच्या साप्ताहिकात ती आली. आधी तिच्याबद्दल काही वाचू नका, सरळ गोष्ट वाचा.

दोन खोल्यांचं लाकडी घर, शेजारी सालींनी शाकारलेलं स्वयंपाकघर, आणि ते घरापेक्षा मोठं. चारी बाजूंना सपाट रान, क्षितिजावर डोंगराची रेघसुद्धा नाही. हमरस्त्यावरची सगळ्यात जवळची झोपडी एकोणीस मैलांवर. नवरा मेंढरं घेऊन सहा महिन्यांपासून बाहेर. संध्याकाळी घराच्या फळ्यांखाली साप शिरतो, आणि बाई चार पोरांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवून, ॲलिगेटर नावाच्या कुत्र्याला जवळ घेऊन रात्रभर जागी राहते. गोष्टीत ‘घडतं’ ते एवढंच. बाकी सगळं तिच्या आठवणींत आहे: वणवा विझवताना नवऱ्याची विजार चढवली तेव्हा तान्हं पोर तिला ओळखेना, ते, पूर अडवायला तासन्तास चर खणला आणि तरी बांध वाहून गेला, ते.

मला सगळ्यात जास्त लागलेली जागा वेगळी आहे. दर रविवारी ही बाई नीटनेटके कपडे करते, पोरांना आवरते, बाबागाडी ढकलत रानातल्या पायवाटेने फिरून येते. वाटेत कोणीही भेटणार नसतं. तरी शहरात फिरायला निघावं तशी तयारी. या एका परिच्छेदासाठी गोष्ट पुन्हा वाचा. दुसऱ्या वाचनात ती थोडी मोठ्याने वाचा, विशेषतः संवाद. लॉसनला नवव्या वर्षापासून कमी ऐकू येऊ लागलं आणि चौदाव्या वर्षापर्यंत कान जवळजवळ गेले. तरी त्याच्या माणसांचं बोलणं कानात वाजतं.

पुढे त्याच्या ‘व्हाइल द बिली बॉइल्स’ (१८९६) या संग्रहातल्या चार-पाच गोष्टी वाचा. सगळा संग्रह सलग संपवू नका. लॉसन थोडा थोडा वाचायचा लेखक आहे.

२. शब्दांची वही करा, आणि ओळखीच्या शब्दांपासून सावध राहा

अनोळखी शब्द आपण कोशात बघतोच. फसगत होते ती ओळखीच्या शब्दांनी. मी पहिलं वर्षभर काही शब्द चुकीच्या अर्थाने वाचले, ते तुम्ही वाचू नका.

‘क्रीक’ म्हटल्यावर आपल्याला ठाण्याची खाडी आठवते. ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे ओढा, आणि तोही बऱ्याचदा कोरडा. चार्ल्स हार्परची ‘द क्रीक ऑफ द फोर ग्रेव्ज’ ही कविता मी खाडीचं खारं पाणी डोळ्यांपुढे ठेवून वाचली होती. सगळं चित्रच चुकलं.

‘स्टेशन’ म्हणजे मेंढ्यांचं किंवा गुरांचं प्रचंड मोठं रान आणि त्याचा कारभार. रेल्वेशी संबंध नाही. ‘स्क्वॉटर’ म्हणजे आपल्याकडे अतिक्रमण करून राहणारा गरीब माणूस. तिथे सुरुवात तशीच झाली, पण सरकारी जमीन बळकावलेले हे लोक काही वर्षांत देशातले सगळ्यात श्रीमंत जमीनदार झाले. त्यांच्यासमोर उभा असतो ‘सिलेक्टर’, म्हणजे १८६१ च्या जमीन कायद्यांनंतर लहानसा तुकडा निवडून, हप्त्याने पैसे फेडत शेती करणारा. स्क्वॉटर आणि सिलेक्टर यांचं वैर निम्म्या गोष्टींच्या मुळाशी आहे. हे दोन शब्द उलटे समजलात तर मालक कोण आणि मजूर कोण, तेच उलटं होईल.

‘ड्रोव्हर’ला धनगर म्हणू नका. तो दुसऱ्याची जनावरं मजुरीवर शेकडो मैल हाकत नेतो. ‘स्वॅग’साठी मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे, वळकटी. पाठीवर वळकटी टाकून कामाच्या शोधात पायी हिंडणारा तो ‘स्वॅगमन’. ‘मटिल्डा’ हेही वळकटीचंच लाडकं नाव, त्यामुळे कवी बॅन्जो पॅटरसनच्या ‘वॉल्ट्झिंग मटिल्डा’ या १८९५ च्या सुप्रसिद्ध गाण्यातलं ‘वॉल्ट्झिंग’ म्हणजे नाच नव्हे, वळकटी घेऊन पायपीट. ‘बिली’ म्हणजे चहा उकळायचा कडीचा पत्र्याचा डबा. ‘डॅम्पर’ म्हणजे निखाऱ्यात भाजलेला जाड रोट, आपल्या रोडग्याच्या जवळचा. ‘सनडाउनर’ हा बरोबर सूर्य मावळताना स्टेशनवर पोचतो, म्हणजे काम मागायला उशीर झालेला असतो पण शिधा मिळतो.

आणि सगळ्यात धोक्याचा शब्द: ‘नेटिव्ह’. एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रेलियन मजकुरात याचा अर्थ कित्येकदा ‘इथे जन्मलेला गोरा’ असा असतो. १८७१ मध्ये स्थापन झालेली ‘ऑस्ट्रेलियन नेटिव्ज असोसिएशन’ ही गोऱ्यांचीच संस्था होती. आदिवासी लोकांसाठीही हाच शब्द दुसऱ्या ओळीत येऊ शकतो. दर वेळी थांबून विचारा, हा कोणाबद्दल बोलतो आहे?

३. ट्रोव्हमध्ये शिरायचं कसं

लोक इथेच हात टेकतात, म्हणून सविस्तर सांगतो.

शोधखिडकीत लेखकाचं नुसतं नाव टाकू नका, हजारो नोंदी अंगावर येतील. कवितेतली किंवा गोष्टीतली चार-पाच शब्दांची सलग ओळ अवतरणचिन्हांत टाका, मग तारखेची चाळणी लावा. ‘बुलेटिन’ शोधत असाल तर वर्तमानपत्रांच्या विभागात वेळ घालवू नका, ते मासिकांच्या विभागात आहे. मी एक अख्खी दुपार चुकीच्या विभागात शोधत बसलो होतो.

लेखकाच्या खऱ्या नावाने शोधलंत तर बहुतेक वेळा काहीच सापडणार नाही. त्या काळी टोपणनाव हाच नियम होता. पॅटरसन ‘द बॅन्जो’ नावाने लिहायचा, आणि ते एका घोड्याचं नाव. थॉमस अलेक्झांडर ब्राउन म्हणजे ‘रॉल्फ बोल्डरवुड’. जोसेफ फर्फी म्हणजे ‘टॉम कॉलिन्स’. मेरी फॉर्च्युन ही बाई ‘वेफ वॉन्डर’ किंवा नुसतं ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ अशी सही करून १८६० च्या दशकापासून चाळीसेक वर्षं पोलिसी तपासाच्या कथा लिहीत राहिली, आणि वाचकांना ती कोण हे ठाऊकच नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर खरी नावं आणि टोपणनावं समोरासमोर लिहून ठेवा.

वर्तमानपत्राचं पान उघडलं की डावीकडे यंत्राने ओळखलेला मजकूर आणि उजवीकडे मूळ पानाची प्रतिमा दिसते. वाचन नेहमी उजवीकडे करा. डावीकडच्या मजकुरात अक्षरं चुकलेली असतात, ओळी एकमेकींत घुसलेल्या असतात. त्या चुका कोणीही दुरुस्त करू शकतं, आणि हे काम हजारो लोक स्वखुशीने करतात. मी पहिल्यांदा एका कवितेची दोन कडवी दुरुस्त केली, त्या दिवशी त्या साहित्याशी माझं नातं बदललं. अक्षर अक्षर लावताना कविता जशी कळते तशी एरवी कळत नाही. तुम्हीही एक तरी कविता अशी साफ करा.

गोष्ट सापडली की लगेच पान बंद करू नका. आजूबाजूचे रकाने वाचा. २३ जुलै १८९२ चा अंकच घ्या. ज्या अंकात ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ आहे त्याच अंकात बॅन्जो पॅटरसनची ‘इन डिफेन्स ऑफ द बुश’ ही कविता आहे, आणि ती लॉसनवरचाच हल्ला आहे. दोन्ही एकाच अंकात आल्या हे पुस्तकात वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

४. लॉसन आणि पॅटरसन यांचं भांडण क्रमाने वाचा

९ जुलै १८९२ ला ‘बुलेटिन’मध्ये लॉसनची कविता आली: रान रान म्हणून तुम्ही ज्याची गाणी गाता ते मी बघून आलो, तिथे धूळ, दुष्काळ आणि वेड लावणारा एकटेपणा आहे. पॅटरसनने २३ जुलैला उत्तर दिलं, की तुला शहरच मानवतं, तू तिथेच राहा. ६ ऑगस्टला लॉसनचं प्रत्युत्तर आलं. हे भांडण दोघांनी संगनमताने चालवलं होतं, कवितेमागे मानधन मिळायचं म्हणून, असं पॅटरसनने म्हातारपणी सांगितलं. पण मतभेद खरे होते. पॅटरसन सिडनीत वकील होता, पण त्याचं बालपण स्टेशनवर घोड्यांमध्ये गेलेलं. लॉसन सिलेक्टरच्या गरिबीत वाढलेला. एकाला रान घोड्यावरून दिसलं, दुसऱ्याला पायी चालताना.

त्याच वर्षी ‘बुलेटिन’चा संपादक जे. एफ. आर्चिबाल्डने लॉसनला पाच पौंड आणि बर्कचं रेल्वे तिकीट दिलं: जा, रान बघून ये. भर उन्हाळ्यात लॉसन बर्कहून क्वीन्सलँडच्या सीमेवरच्या हंगरफर्डपर्यंत चालत गेला आणि चालत परत आला. नकाशावर हे अंतर बोटाने मोजा, जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या वर भरतं. पुढचं त्याचं सगळं उत्तम लेखन या चालण्यातून आलं असं मला वाटतं.

पॅटरसन मात्र टाळू नका. ‘क्लॅन्सी ऑफ द ओव्हरफ्लो’ (१८८९) आणि ‘द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर’ (१८९०) मोठ्याने म्हणा. त्यांच्या लयीत घोड्याच्या टापा आहेत, त्या डोळ्यांनी वाचून ऐकू येत नाहीत.

५. आता मागे जा: कैद्यांच्या कादंबऱ्या, आणि आवृत्तीचा सापळा

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने सुमारे १,६०,००० कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले. या अनुभवाची सगळ्यात मोठी कादंबरी मार्कस क्लार्कची. १८४६ मध्ये लंडनला जन्मलेला क्लार्क सतराव्या वर्षी मेलबर्नला आला, पत्रकार झाला, पुढे इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला लागला. मी आज ज्या इमारतीत जाऊन वाचतो तिथेच तो काम करायचा, ही गोष्ट मला अजून नवी वाटते. १८७० मध्ये तो टास्मानियाला गेला, पोर्ट आर्थरचा तुरुंग बघितला, जुन्या नोंदी वाचल्या, आणि ‘हिज नॅचरल लाइफ’ ही कादंबरी ‘ऑस्ट्रेलियन जर्नल’मध्ये दरमहा लिहू लागला. १८७२ पर्यंत ती चालली. १८८१ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत तो गेला तेव्हा तो फक्त पस्तीस वर्षांचा होता.

सापळा असा: मासिकातली कादंबरी आणि १८७४ मध्ये पुस्तकरूपाने आलेली कादंबरी या दोन वेगळ्या कादंबऱ्या आहेत. पुस्तक करताना क्लार्कने खूप मोठा भाग कापला आणि शेवट बदलला. आज प्रचलित असलेलं ‘फॉर द टर्म ऑफ हिज नॅचरल लाइफ’ हे लांब नावही त्याच्या मृत्यूनंतर रूढ झालं. मी ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त प्रतीवर ती कोणती आवृत्ती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि एका वाचकमित्राबरोबर नायकाच्या शेवटाबद्दल बोलताना आम्ही दोघं दोन वेगळ्या पुस्तकांबद्दल वाद घालत होतो. म्हणून प्रत घेताना प्रस्तावनेत आवृत्तीचा उल्लेख आहे का ते बघा. प्रस्तावना नसेल तर ती प्रत घेऊ नका. पहिल्या वाचनाला १८७४ चं पुस्तक घ्या, ते जास्त घट्ट आणि जास्त निष्ठुर आहे.

हाच सापळा ‘रॉबरी अंडर आर्म्स’बाबत. १८८२-८३ मध्ये ती ‘सिडनी मेल’मध्ये क्रमशः आली, १८८८ मध्ये तीन खंडांत, आणि त्यानंतर एका खंडात काटछाट करून. ही कादंबरी लिहिणारा बोल्डरवुड स्वतः न्यायदंडाधिकारी होता, आणि निवेदक आहे फाशीची वाट बघणारा दरोडेखोर डिक मार्स्टन. ज्याने वर्षानुवर्षं अशा माणसांना समोर उभं करून शिक्षा सुनावल्या त्याने त्यांचा आवाज इतका जिवंत पकडावा! ‘सिडनी मेल’ ट्रोव्हवर आहे. निदान पहिले तीन हप्ते तिथे वाचा.

ऑस्ट्रेलियात छापलेली पहिली कादंबरी हेन्री सेव्हरीची ‘क्विंटस सर्व्हिंटन’, होबार्ट, १८३१. सेव्हरी खोट्या हुंड्या केल्याबद्दल पाठवलेला कैदी, आणि शेवटी पोर्ट आर्थरमध्येच वारला. तिचं ऐतिहासिक मोल मोठं आहे, पण पहिल्या वर्षी वाचू नका. फर्फीची ‘सच इज लाइफ’ (१९०३) हीसुद्धा नंतरसाठी ठेवा, मात्र वेगळ्या कारणाने: ती फार चांगली आहे, पण दुसऱ्या पायरीतली वही भरल्याशिवाय तिच्यातलं अर्धं हातातून निसटतं.

६. ‘द ड्रोव्हर्स वाइफ’च्या शेजारी बार्बरा बेन्टन ठेवा

बेन्टनची ‘द चोझन व्हेसल’. तशीच रानातली झोपडी, तशीच एकटी बाई, कडेवर मूल, नवरा लोकर कातरायच्या कामावर दूर. इथे साप नाही. इथे एक स्वॅगमन दाराशी येऊन पाणी-जेवण मागतो, जातो, आणि तिला माहीत असतं की तो रात्री परत येणार. लॉसनची बाई जिंकते, निदान त्या रात्रीपुरती. बेन्टनने वाचकाला तेवढाही आधार दिला नाही. ‘बुलेटिन’ने १८९६ मध्ये ही गोष्ट ‘द ट्रॅम्प’ नावाने आणि मधला भाग काढून छापली. पूर्ण गोष्ट १९०२ मध्ये ‘बुश स्टडीज’ या संग्रहात आली, लंडनला. रात्री एकटे असाल तर ही वाचू नका, हे मी मनापासून सांगतो.

रानातल्या पुरुषांच्या मैत्रीची गाणी गाणाऱ्या त्या साप्ताहिकाला या गोष्टीचा नेमका कोणता भाग नको होता, हे दोन्ही पाठ शेजारी ठेवून बघा. बायका या साहित्यात पहिल्यापासून आहेत: कॅथरीन हेलन स्पेन्सची ‘क्लारा मॉरिसन’ १८५४ ची आहे. लॉसनच्या आईने, लुइझा लॉसनने, १८८८ ते १९०५ ‘द डॉन’ हे बायकांचं मासिक चालवलं, त्याच्या छापखान्यात खिळे जुळवायला बायका ठेवल्या, आणि त्यावरून छपाई कामगारांच्या संघटनेचा रोष ओढवून घेतला. हेन्रीचं पहिलं पुस्तक १८९४ मध्ये आईच्याच छापखान्यातून निघालं. ‘द डॉन’ ट्रोव्हवर आहे, कोणताही एक अंक सगळा वाचा. मग माइल्स फ्रँकलिनची ‘माय ब्रिलियंट करिअर’ (१९०१).

७. जे पानावर नाहीत त्यांना शोधा

पुन्हा ‘द ड्रोव्हर्स वाइफ’कडे या. साप लाकडांच्या ढिगाखालून आला. तो ढीग आदल्या दिवशी एका आदिवासी माणसाने रचून दिला होता, बाईने खूश होऊन त्याला जास्त तंबाखू दिली, आणि गोष्टीत कळतं की ढीग आतून पोकळ होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं वाचून पुढे गेलो. आता तिथे थांबतो. ज्याची जमीन गेली त्याच्या वाट्याला अख्ख्या गोष्टीत फसवून लाकडं रचणारा एवढीच भूमिका आहे, आणि हे लॉसनसारख्या कनवाळू लेखकाच्या हातून झालं आहे.

‘बुलेटिन’चं राजकारणही माहीत असू द्या. १९०८ पासून त्याच्या मथळ्याखाली ‘ऑस्ट्रेलिया गोऱ्यांसाठी’ अशा अर्थाचं घोषवाक्य होतं, आणि चिनी व भारतीय लोकांबद्दलचा द्वेष त्याच्या कितीतरी आधीपासून पानोपानी आहे. गावोगाव कापड विकणारे भारतीय फेरीवाले या मजकुरात भेटतात तेव्हा वाचताना त्रास होतो. पान उलटून टाकू नका, नोंद करा.

मग आदिवासींचं स्वतःचं लेखन वाचा. ते थोडं आहे, पण आहे. इंग्लंडहून परतलेल्या बेनेलाँगने १७९६ मध्ये सांगून लिहवून घेतलेलं पत्र: आजारपणात काळजी घेतलीत म्हणून आभार, आणि मोजे, रुमाल, बूट पाठवण्याची विनंती. टास्मानियाच्या लोकांना फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवलं तिथे १८३६-३७ मध्ये थॉमस ब्रून आणि वॉल्टर जॉर्ज आर्थर यांनी हाताने लिहिलेलं ‘फ्लिंडर्स आयलंड क्रॉनिकल’. मेलबर्नजवळच्या कोरॅनडर्क या आदिवासींच्या वसाहतीबद्दल १८८१ मध्ये चौकशी झाली, तिच्यातल्या विल्यम बराक आणि इतरांच्या जबान्या. या तीन गोष्टी ‘साहित्य’ म्हणून अभ्यासक्रमात नसतील, तरी मी त्या हार्पर आणि हेन्री केंडॉल या कवींच्या आधी वाचायला सांगेन.

गोऱ्या लेखकांमध्ये एलायझा हॅमिल्टन डनलॉप विसरू नका. जून १८३८ मध्ये मायल क्रीकला किमान २८ आदिवासींची कत्तल झाली. त्याच वर्षी डिसेंबरात सात गोऱ्यांना फाशी झाली, आणि फाशीच्या पाच दिवस आधी, १३ डिसेंबरला, डनलॉपची ‘द ॲबोरिजिनल मदर’ ही कविता ‘द ऑस्ट्रेलियन’ या पत्रात आली. कविता म्हणून ती त्या काळच्या साच्यातली आहे, पण ती तारीख बघून वाचा.

८. जॉन लँग: आपल्या ओळखीचा ऑस्ट्रेलियन

शेवटची पायरी मी मुद्दाम मराठी वाचकांसाठी राखून ठेवली. ऑस्ट्रेलियात जन्मलेला पहिला कादंबरीकार जॉन लँग, जन्म १८१६, सिडनीजवळ पॅरामाटा. इंग्लंडला जाऊन वकील झाला आणि १८४२ मध्ये हिंदुस्थानात गेला. तिथे ‘मोफसिलाइट’ हे वर्तमानपत्र चालवलं, कंपनी सरकारविरुद्धचा एक गाजलेला खटला जिंकला, आणि १८५४ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी त्याला वकील म्हणून बोलावलं.

‘वॉन्डरिंग्ज इन इंडिया’ (१८५९) या त्याच्या पुस्तकात या भेटीचं अख्खं प्रकरण आहे. बोलावणं आलं ते सोनेरी कागदावर, फारसीत. राजवाड्यात जोडे काढायला तो कबूल झाला, पण डोक्यावरची हॅट काढणार नाही म्हणाला. बाईसाहेब पडद्याआड. बोलणं चालू असताना दत्तक मुलाने पडदा ओढला, मुद्दाम की चुकून हे लँगला कधीच कळलं नाही, आणि त्याने त्यांना क्षणभर पाहिलं. ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ हे शब्द त्याने कानांनी ऐकून रोमन लिपीत मोडकेतोडके उतरवले आहेत. त्याने केलेल्या अर्जाला यश आलं नाही. लँग १८६४ मध्ये मसुरीला वारला, कॅमल्स बॅक रस्त्यावरच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

त्याच्या ऑस्ट्रेलियन गोष्टी ‘बॉटनी बे’ (१८५९) या पुस्तकात आहेत: कैदी, सुटलेले कैदी, त्यांची पैसेवाली मुलं. सिडनीच्या आठवणी दूर राहून लिहिलेल्या. दोन-तीन वाचा, मग झाशीचं प्रकरण वाचा, आणि त्याच आठवड्यात घरातला गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ काढा. वरसईचे भटजी वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. एका बाजूला पडद्याबाहेर बसलेला पॅरामाटाचा वकील, दुसऱ्या बाजूला शहराच्या आत अडकलेला कोकणातला भिक्षुक. लँगच्या प्रकरणात वाड्याचं, हत्तीचं आणि दरबारी रिवाजाचं वर्णन जिथे जिथे येतं तिथे पेन्सिलीने खूण करा आणि भटजी त्याच वाड्याबद्दल काय सांगतात ते समासात लिहा. माझ्या प्रतीचा समास एका बाजूने पूर्ण भरला आहे.